थॉम्पसन/सेंटर कंटेंडर : चौकट एकच, नळ्या हव्या तेवढ्या

कंटेंडर या एकेरी काडतुसाच्या पिस्तुलाबद्दल पहिली गोष्ट ऐकायला मिळते ती नळ्यांची. सकाळी .२२ ची नळी लावून डबे उडवा, दुपारी .४४ मॅग्नमची लावून हरणाच्या मागे जा, पिस्तूल तेच. हे शंभर टक्के खरं आहे. पण घेणाऱ्याने आधी बघायचा असतो तो सांधा, म्हणजे नळी आणि चौकट (मूठ, चाप नि घोडा असलेला भाग) जिथे एकमेकांना भेटतात ती जागा. तो सांधा नीट असेल तर या पिस्तुलाचा नेम बघून रायफलवाले गप्प होतात. नीट नसेल तर कितीही महागडी दुर्बीण चढवा, गोळ्या कागदभर पसरणार.

वॉरन सेंटर यांनी हे पिस्तूल आखलं आणि न्यू हॅम्पशायरमधल्या रॉचेस्टर गावच्या के. डब्ल्यू. थॉम्पसन टूल कंपनीने १९६७ मध्ये ते बाजारात आणलं. रचना जुन्या मोडणीच्या शिकारी बंदुकीसारखी आहे. चापाच्या कड्याचा मागचा निमुळता भाग बोटांनी मुठीकडे ओढला की खिटी सुटते, नळी पुढून खाली झुकते आणि मागून चेंबर उघडं पडतं. एक काडतूस घाला, नळी बंद करा, घोडा चढवा, चाप ओढा. मॅगझिन नाही, फिरता सिलिंडर नाही. दुसरी गोळी हवी तर पुन्हा पहिल्यापासून. सरकणारे भाग नसल्यामुळे नळी मागच्या भिंतीला दर वेळी त्याच जागी टेकते, आणि नेम तिथूनच येतो.

नळी बदलायचं काम पाच मिनिटांचं आहे. चेंबर रिकामं आहे हे डोळ्यांनी बघा आणि करंगळी घालूनही बघा. फोरएंडचे, म्हणजे नळीखालच्या पकडीचे, स्क्रू काढा, फोरएंड बाजूला ठेवा. खिटी सोडून नळी किंचित झुकवा म्हणजे बिजागरीच्या पिनवरचा ताण जातो. मग ती जाडजूड पिन एका बाजूने ढकलून काढा. बहुतेक चौकटींत ती अंगठ्याने सरकते. अडली तर पितळी किंवा लाकडी दांडकं वापरा, पोलादी पंच नको. नळी उचलून निघते. दुसरी नळी बसवताना पिन आणि भोकं पुसून तेलाचं बोट फिरवा. पिन हातोडीने ठोकावी लागत असेल तर ठोकू नका, नळी वाकडी बसली आहे. काढा आणि पुन्हा बसवा. दुर्बीण किंवा माशी नळीवरच असते, चौकटीवर नाही, म्हणून नळी परत लावली की तिचा नेमही तिच्यासोबत परत येतो. तरी पहिल्या तीन गोळ्या कागदावर मारून खात्री करून घ्यावी.

इथे नवखे हमखास दोन ठिकाणी अडतात. एक म्हणजे फोरएंड. आठकोनी नळीचा फोरएंड गोल जाड नळीला बसत नाही, आणि १० इंची नळीचा १४ इंचीला चालेलच असं नाही. नुसती नळी स्वस्तात मिळाली म्हणून घेतली आणि फोरएंडसाठी महिनाभर शोधाशोध, असं होतं. दुसरं म्हणजे घोड्यावरची निवड. या चौकटीत फायरिंग पिना दोन आहेत, एक कडेवर आपटणारी, .२२ सारख्या रिमफायर काडतुसांसाठी, आणि एक मधोमध आपटणारी. कोणत्या पिनेवर मार बसायचा ते घोड्यावर ठरतं. अगदी जुन्या चौकटींत ते स्क्रूड्रायव्हरने फिरवायचं, नंतरच्यात बोटाने. नळी .२२३ ची लावली आणि घोडा रिमफायरवरच राहिला तर नुसता 'टक्' आवाज येतो. दोन्हींच्या मधली जागा असलेल्या घोड्यात ती सुरक्षित जागा; तिथे घोडा पडला तरी कोणतीच पिन हलत नाही. रिकाम्या पिस्तुलावर चापाचा सराव करायचा असेल तर तो याच जागेवर करावा. .२२ च्या रिकाम्या चेंबरवर पिन आपटत राहिली तर चेंबरची कड दबते, आणि मग काडतूस आत जायला नि बाहेर यायला कुरकुर करतं.

नळ्या किती घ्याव्यात? तीन पुरतात. पहिली .२२ लाँग रायफलची, १० किंवा १४ इंची. रोजचा सराव तिच्यावर, कारण चापावरची शिस्त स्वस्त काडतुसांवरच बसते. दुसरी .२२३ रेमिंग्टन किंवा .२२ हॉर्नेट. हॉर्नेटचा आवाज आणि धक्का दोन्ही सौम्य. .२२३ जास्त लांब मारते, पण ती १० इंची नळीत घेऊ नये. दारूचा बराच भाग तोंडाबाहेर जळतो, वेग जातो आणि कान बधिर करणारा भडका हाती येतो. १४ इंच घ्या, आणि कानांत बोळे घालून वर मफही लावा. तिसरी शिकारीची. ७-३० वॉटर्स किंवा .३०-३० विंचेस्टर या दोन्ही गोष्टी कंटेंडरला जणू मापाने शिवल्यात. लिव्हर रायफलमध्ये .३०-३० ला चपट्या नाकाची गोळी लागते, कारण नळकांड्यात काडतुसं एकामागे एक असतात आणि टोकदार गोळी पुढच्याच्या टोपीवर, म्हणजे बुडातल्या ठिणगी देणाऱ्या भागावर, टेकते. इथे काडतूस एकच. टोकदार गोळी निर्धास्त घाला, तेच जुनं काडतूस लांबवर कितीतरी सपाट जातं.

.४५ कोल्ट आणि .४१० छर्‍यांची जोडनळी फार लोकप्रिय आहे, पण तिची शिफारस जपूनच करावी लागते. नळीत पीळ असल्यामुळे छर्‍यांचा घोसही गरगरत बाहेर पडतो आणि मधोमध पोकळ कडं तयार होतं. ते थांबवायला तोंडाशी सरळ खाचांचा चोक येतो, तो ही फिरकी मोडतो. .४५ ची गोळी मारण्याआधी तो चोक काढलाच पाहिजे. विसरणं महाग पडतं. आणि कॅलिफोर्नियात ही नळी चालत नाही, तिथला कायदा तिला आखूड शॉटगन धरतो.

कंटेंडरची खरी कीर्ती झाली ती धातूच्या जनावरांवर. आंतरराष्ट्रीय हँडगन मेटॅलिक सिल्हूट असोसिएशन १९७६ मध्ये उभी राहिली. मोठ्या काडतुसांच्या सामन्यात ५० मीटरवर कोंबड्या, १०० वर डुकरं, १५० वर टर्की आणि २०० मीटरवर मेंढे, सगळी पोलादी. गोळी लागून भागत नाही, जनावर खाली पडलं पाहिजे. मेंढा जड असतो, कडेला लागलेली हलकी गोळी त्याला नुसतं हलवते. म्हणून ७ मिलिमीटर टीसीयूसारखी काडतुसं तयार झाली, .२२३ ची पुंगळी, म्हणजे काडतुसाचं पितळी कवच, घेऊन तिची मान ७ मिलिमीटरला रुंदावलेली. धक्का आटोक्यात राहतो आणि लांब, जड गोळी मेंढा पाडते. या खेळात एकेरी काडतुसाचं पिस्तूल मागे पडत नाही. वेळ पुरेसा असतो, आणि प्रत्येक गोळी निवांत मारायची असते.

आता सांध्याकडे येऊ. नळीची मागची कड आणि चौकटीची भिंत यांच्यात थोडी फट असतेच. प्रश्न काडतुसाच्या बुडामागे किती जागा उरते हा आहे, त्यालाच हेडस्पेस म्हणतात. गोळी सुटताना पुंगळीचा पुढचा भाग दाबाने चेंबरच्या भिंतीला चिकटतो आणि बूड मागे ढकललं जातं. मागे जागा असेल तर पितळ बुडाच्या जरा वर ताणलं जातं. पहिल्यांदा काही दिसत नाही. तीच पुंगळी तीन-चार वेळा पुन्हा भरली की त्या जागी बारीक चकचकीत वलय दिसतं, आणि एके दिवशी पुंगळी तिथून तुटून अर्धी चेंबरमध्ये अडकते. हे बाहेरून दिसण्याआधी आतून कळतं. कागदाची क्लिप सरळ करा, टोकाला दोन मिलिमीटरचा काटकोन वाकवा, ते टोक पुंगळीत बुडापासून वर घासत आणा. खाच लागली तर पुंगळी भंगारात.

दोष बहुतेक वेळा पिस्तुलाचा नसतो, डायचा, म्हणजे झाडलेली पुंगळी दाबून मापात आणणाऱ्या साच्याचा असतो. पुंगळी पुन्हा मापात आणायच्या डायसोबत जी चिठ्ठी येते ती म्हणते, डाय शेलहोल्डरला (पुंगळीचं बूड धरणाऱ्या भागाला) टेकेपर्यंत खाली घ्या. असं केलं की पुंगळीचा खांदा, म्हणजे मानेखालचा उतार, गरजेपेक्षा मागे जातो. .३०-३० सारख्या कडेच्या पुंगळीत हे लक्षातही येत नाही, कारण कड तिला अडवून धरते आणि सगळं ठीक वाटतं. कंटेंडरवाल्याकडे मात्र एक सोय आहे जी बोल्ट रायफलवाल्याकडे नाही: नळी हातात काढून घेता येते.

नळी काढा, चेंबर कोरडं पुसा. त्याच नळीत झाडलेली पुंगळी घ्या, टोपी काढून टाका. डाय शेलहोल्डरपासून एक फेरा वर ठेवून पुंगळी दाबा, मग चेंबरमध्ये सोडा. एक्स्ट्रॅक्टर (पुंगळी बाहेर ओढणारा दात) बोटाने आत दाबून धरा, नाहीतर तो पुंगळी उचलून धरतो आणि माप फसवतो. नळीच्या मागच्या कडेवर पोलादी पट्टी आडवी सरकवा. पट्टी पुंगळीच्या बुडाला अडखळली तर डाय थोडा खाली. डायला इंचाला १४ आटे असतात, म्हणजे एक पूर्ण फेरा जवळजवळ १.८ मिलिमीटर. सुरुवातीला अष्टमांश फेरा चालेल, शेवटी शेवटी केसभरच. पट्टी न अडखळता सरकली, पण बूड खाली दबलेलंही नाही, तिथे डायचं कडं घट्ट करा. पुण्या-कोल्हापूरच्या वर्कशॉपात ज्याला 'दोन थाऊ' (इंचाचे दोन हजारांश) म्हणतात तेवढीच चूक इथे माफ आहे. एका नळीसाठी लावलेला डाय त्याच काडतुसाच्या दुसऱ्या नळीला लागू पडेल असं धरू नका. प्रत्येक नळी स्वतंत्र बंदूक समजा.

चेंबर कोरडं पुसा असं म्हटलं ते उगाच नाही. तेलकट चेंबरमध्ये पुंगळी भिंतीला चिकटत नाही, सगळा जोर थेट मागच्या भिंतीवर येतो. कंटेंडरची चौकट मजबूत आहे, पण तिची एक मर्यादा आहे, आणि ती फक्त काडतुसाच्या दाबाने ठरत नाही. दाब गुणिले बुडाचं क्षेत्रफळ, एवढा रेटा चौकटीवर येतो. .२२३ चं बूड .३७८ इंचाचं, .३०८ चं .४७३ इंचाचं. आकड्यांत फरक थोडा वाटतो, पण क्षेत्रफळ दीडपटीहून जास्त होतं. म्हणून .२२३ कंटेंडरमध्ये सुखाने चालते आणि कारखान्याने .३०८ ची नळी या चौकटीला कधी दिली नाही. ज्यांना .३०८ किंवा .३०-०६ हवंच आहे त्यांच्यासाठी १९९० च्या दशकात थॉम्पसन/सेंटरचाच एनकोर आला, मोठी आणि जड चौकट घेऊन. एनकोरच्या नळ्या कंटेंडरवर बसत नाहीत, कंटेंडरच्या एनकोरवर नाहीत. आणि एनकोरला कारखान्याची .२२ रिमफायर नळी नाही, ही गोष्ट घेताना अनेकांच्या ध्यानात येत नाही.

नेहमीच्या तक्रारी अशा. नळी उघडायला जोर लागतो: नळीखालच्या लगची (पुढे आलेल्या पोलादी ठोकळ्याची) खिटीवर घासणारी जागा कोरडी आहे. मळ पुसून तिथे ग्रीसचा ठिपका द्या. जुन्या चौकटी मुळातच कडक आहेत, बोटं दुखतात, त्याला इलाज नाही. घोडा चढतो पण काडतूस उडत नाही: घोड्यावरची निवड बघा, मग खिटी पूर्ण बसली आहे का ते बघा. खिटी अर्धवट बसली तर आतला अडथळा गोळी सुटू देत नाही, आणि ते योग्यच आहे. नळी हळुवार लोटून बंद करायची सवय असेल तर हे वारंवार होतं. ती ठाम 'खट्' करून बंद करावी. तरीही टोपीवर खूण फिकट दिसत असेल तर बुडामागे जागा जास्त आहे. पिनेचा बराच जोर पुंगळी पुढे ढकलण्यात जातो, आणि त्याचा उपाय वर सांगितलेल्या डायमध्ये आहे. घोड्याची स्प्रिंग बदलायची घाई करू नका. .२२३ ची पुंगळी अडकली: बिनकडेच्या पुंगळीला एक्स्ट्रॅक्टरचा छोटा दात फक्त खाचेत पकडतो, दाब जास्त झाला की घसरतो. पुढून क्लीनिंग रॉडने हळू ढकला. असं दोनदा झालं तर दारू कमी करा, पिस्तुलाला दोष देऊ नका. पुंगळी आपोआप बाहेर उडत नाही हेही लक्षात असू द्या. ती थोडी वर येते, बोटांनी काढायची.

मूळ कंटेंडरची एक खोड माहीत असलेली बरी. चढवलेला घोडा अंगठ्याने धरून हळूच खाली सोडला, तर तो परत चढवायला नळी उघडून बंद करावी लागते. शिकारीत हरीण थांबलं, निघालं, पुन्हा थांबलं, की हा खट् आवाज नडतो. २००० नंतर आलेल्या जी-टू कंटेंडरमध्ये ती अडचण नाही, नळी न उघडता घोडा पुन्हा चढतो आणि उघडायला जोरही कमी लागतो. जुन्या नळ्या जी-टूवर बसतात, मुठी मात्र बसत नाहीत. चापाच्या बाबतीत मूळ चौकटच सरस आहे. नीट जमलेल्या जुन्या कंटेंडरचा चाप काचेची काडी मोडावी तसा तुटतो, आणि फक्त कागदावर नेम धरणाऱ्याने ती चौकट सोडू नये.

दुर्बीण पिस्तुलाचीच घ्या, हात लांब धरूनही चित्र पूर्ण दिसेल अशी. रायफलची घेतली तर डोळा जवळ न्यावा लागेल आणि .४४ मॅग्नमचा धक्का भुवई फोडेल. माउंटचे स्क्रू बारीक असतात, जड काडतुसांच्या धक्क्याने ते कातरले जातात. भोकं आणि स्क्रू तेलविरहित करून निळं लॉकटाइट लावा, आणि .४४ किंवा .४५-७० असेल तर तीन रिंगा वापरा. नेम दर वेळी थोडा वर-खाली सरकत असेल तर दुर्बिणीआधी फोरएंड तपासा. स्क्रू एकदा ढिले, एकदा आवळलेले असतील तर नळीवरचा ताण बदलतो आणि गोळ्यांची जागाही. टॉर्क स्क्रूड्रायव्हर घ्या आणि दर वेळी तेवढाच आवळा. बेंचवर पिशवी फोरएंडखाली ठेवा, उघड्या नळीखाली कधीच नाही, आणि दर वेळी फोरएंडच्या त्याच जागी. मूठ घट्ट धरायची, पण पिळायची नाही. १४ इंची चांगली नळी, जमलेली काडतुसं आणि दुर्बीण असेल तर १०० यार्डांवर दीड इंचाच्या आत तीन गोळ्या ही अपेक्षा रास्त आहे.

कायद्याकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. अमेरिकी संघराज्याच्या कायद्यात चौकट हीच बंदूक. परवानाधारक दुकानातून ती घेताना फॉर्म ४४७३ भरावा लागतो. नळ्या मात्र बहुतेक राज्यांत साधे सुटे भाग म्हणून टपालाने येतात, तरी आपल्या राज्याचा नियम मागवण्याआधी वाचा. खांद्याचा दस्ता आणि लांब नळी लावून याच चौकटीची कार्बाइन होते, आणि खरा धोका तिथे आहे. दस्ता लावलेला असताना नळी १६ इंचांपेक्षा आखूड असेल, किंवा एकूण लांबी २६ इंचांखाली असेल, तर ती नोंदणी न केलेली आखूड रायफल ठरते आणि गुन्हा होतो. पिस्तूल आणि कार्बाइनचं सुटं सामान एकत्र विकलं तर तीही आखूड रायफल ठरते का, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९९२ मध्ये निकाल कंपनीच्या बाजूने लागला. म्हणून क्रम पाठ असू द्या: कार्बाइन करताना आधी लांब नळी, मग दस्ता. पिस्तूल करताना आधी दस्ता काढा, मग आखूड नळी. आणि चौकट मुळात पिस्तूल म्हणून विकली गेली असेल तरच ही ये-जा चालते. कारखान्यातून कार्बाइन म्हणून निघालेली चौकट पिस्तूल करता येत नाही. जुन्या खरेदीची पावती जपून ठेवावी ती याचसाठी.

अमेरिकेत एच-वन-बी किंवा तसल्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या आपल्या मराठी मंडळींनी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. त्या व्हिसावर बंदूक किंवा काडतुसं जवळ बाळगायला साधारणपणे मनाई आहे. राज्याचा वैध शिकार परवाना असणं हा त्यातला मुख्य अपवाद. तो परवाना संपला की सूटही संपते. ग्रीन कार्ड असेल तर हा अडसर नाही. खरेदीआधी वकिलाला एक फोन करणं शहाणपणाचं.

थॉम्पसन/सेंटर कंपनी स्मिथ अँड वेसनने २००७ मध्ये घेतली, २०२१ मध्ये विकायला काढली, आणि २०२४ मध्ये तिचे पूर्वीचे प्रमुख ग्रेग रिट्झ यांनी ती परत घेतली. तोवर कारखान्याचं काम थंडावलं होतं, म्हणून कंटेंडर आज मुख्यतः वापरलेलाच मिळतो. घेताना नळी बंद करून ती हाताने वर-खाली आणि बाजूला हलवून बघा, खुळखुळ नको. नळी आणि भिंतीमधल्या फटीतून उजेड बघा, दोन्ही बाजूंनी सारखा दिसला पाहिजे. एका बाजूला जास्त असेल तर पिन किंवा भोक झिजलंय. थोडी झीज असेल तर जाड मापाची पिन बसवून काम भागतं, भोक लांबोळकं झालं असेल तर सोडून द्या. रिकाम्या पिस्तुलावर घोडा चढवून अंगठ्याने पुढे रेटा, तो सुटता कामा नये. नळीच्या तोंडाची कड भिंगाखाली बघा. आणि विकणाऱ्याकडे त्या नळीत झाडलेल्या दोन-तीन पुंगळ्या मागा. बुडाच्या वर चकचकीत वलय आहे का, टोपीवरची खूण मधोमध आहे का, हे त्या पुंगळ्याच दाखवून देतात.